पट्टा गळ्यात, बोंबील पिशवीत

मंडळी, आज सकाळी जी फजिती झाली, ती सोसायटीच्या या फळ्यावर गरमागरम लावतोय.

घरात सूनबाई बाळंतीण आणि नेमका वॉशिंग मशीनचा पट्टा तुटला. लंगोटांचा डोंगर झाला. दुकानदार म्हणाला, "सुटा पट्टा मिळत नाही, अख्खी मोटर बदला." अहो, तेवढ्या पैशात नातवाचं बारसं होईल!

तुटका पट्टा गळ्यात अडकवून हिरमुसला होऊन दिवाळे गावच्या मासळीबाजारावरून परतत होतो. मासळीवाल्या मावशीने हटकलं, "काका, गल्यान साप घातलाय काय?"

माझी कर्मकहाणी ऐकून ती खो खो हसली. "आमचे होडीचे पंपाला असाच पट्टा हाय. कंपनी नको बघू, त्याच्यावरचा नंबर बघ!"

समोरच्या होड्यांच्या इंजिन-दुरुस्तीवाल्याकडे त्याच नंबरचा पट्टा निघाला, तोही चहा-नाश्त्याच्या भावात. उपकार फेडायला मी मावशीकडून ताजे बोंबील घेतले आणि गड जिंकल्यासारखा घरी आलो.

मशीन गरगर फिरू लागलं. सौ. खूश झाली, मग तिने पिशवी उघडली.

"अहो, आज संकष्टी ना!"

तर मंडळी, आपापल्या मशीनच्या पट्ट्याचा नंबर आजच लिहून ठेवा. आणि सांगा, कुणाकडे आज उपास नाही? बोंबील घेऊन लगेच येतो.