दहा लाख तीनचा हिस्सा

एका टेबलावर तीन गणिताचे मास्तर पंचवीस वर्षं बसले की किस्से साचणारच. काझीसाहेब, गायके आणि मी. औरंगाबादच्या आमच्या कॉलेजात आमच्या टेबलाशी दुसरं कुणी चहालाही बसायचं नाही, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

*

दहा लाख तीन ही संख्या अविभाज्य आहे की नाही, हे हातानं तपासायचं ठरलं. म्हणजे नऊशे सत्त्याण्णवपर्यंतच्या एकशे अडुसष्ट अविभाज्य संख्यांनी तिला भागून बघायचं. माणशी छप्पन्न भागाकार. मी म्हणालो, "लायब्ररीतल्या पुस्तकात उत्तर छापलंय की."

गायके म्हणाला, "मंग जेवण बी लायब्ररीतच वाचून या!"

काझीसाहेबांनी नियम केला, "जिसका हिस्सा, वही करेगा."

*

गायके सिल्लोडकडचा, धनगरवस्तीवर वाढलेला. शनिवारी गावी जाताना एसटीत वही उघडायचा. एकदा सिल्लोड कधी मागं पडलं कळलंच नाही, कंडक्टरनं थेट फर्दापूरला उतरवलं. सोमवारी आम्ही पोट धरून हसलो. तो शांतपणे म्हणाला, "पण एक झाला ना."

*

मला एकदा बाकी शून्य आली. झालं, संख्या पडली. काझीसाहेबांनी त्या दिवशी डबाच उघडला नाही. गायकेनं माझा कागद ओढून घेतला. तेरातून आठ गेले, तर मी चार लिहिले होते.

"मियां, बच्चों को क्या पढाते तुम?" असं म्हणून काझीसाहेबांनी डबा उघडला.

*

पुढं त्यांनी पुस्तकात चोरून बघितलंच. "सिर्फ पडोस देखा," म्हणाले. दहा लाख तीनच्या मागं वीस आणि पुढं तीस घरं चालल्याशिवाय दुसरी अविभाज्य संख्या नाही.

गायके म्हणाला, "लई लांब वस्ती केली गड्यानं."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

*

आमचे दोघांचे हिस्से कधीच संपले. गायके मात्र मुद्दाम रेंगाळायचा, वर्षाला एखाद-दुसरा करायचा. रिटायर झाल्यावर काझीसाहेब मुलीकडं हैदराबादला गेले. गेल्या वर्षी गायके गेला. खांदा द्यायला काझीसाहेब आले होते. वहिनींनी वही माझ्या हातात दिली. पंचावन्न झालेत, दोनशे त्रेसष्टचा तेवढा राहिलाय. पाच मिनिटांचं काम.

दर शुक्रवारी दुपारी नमाज झाली की काझीसाहेबांचा फोन येतो. आमच्यात दुसरा विषय नाही. तो एक भागाकार झाला की फोनही थांबेल, अशी मला धास्ती वाटते. मग दिवसभर बोलायला घरात कुणी नाही, खोटं कशाला सांगू.

परवाही त्यांनी विचारलं, "गायके का हुआ क्या?"

"एक राहिलाय."

ते म्हणाले, "उसको बोलो, आराम से करना. कोई जल्दी नहीं."