झाकलेलं लेकरू

जवळ या गं पोरींनो, अशा लांब बसून नुसत्या माना डोलवू नका. आणि तू गं, पोटुशी असून पेढे खातेस, आणि साखर तपासायला चल म्हटलं की उद्यावर ढकलतेस? कान उपटायला हवेत तुझे. आधी माझं ऐका.

आमचे हे गेले, तेव्हापासून मी सिद्धेश्वराच्या तळ्याकडं फिरकले नव्हते. आपलं ऐकायला कुणी आहे, असं वाटायचंच बंद झालं होतं. त्यात लेक बाळंतपणाला माझ्याकडं आली आणि तिला गरोदरपणातली साखर निघाली. सिझर झालं, नातू झाला. आणि काय ते बाळ! नर्सबाईंनी वजन केलं आणि काटा बिघडला की काय म्हणून पुन्हा केलं. विहीणबाई म्हणाल्या, "ह्यो तर सोताचं बारसं जेवूनच आलाय की!"

पण इतकं भरलेलं मूल चारचौघांत उघडं ठेवायचं कसं? आमच्याकडं अशा बाळाचं वजनही कुणाला सांगत नाहीत. विहीणबाईंनी तीट लावली आणि जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं त्याला पाळण्यात तोंडासकट झाकलं. झोपलं तरी उठवून पाजा, असं नर्सबाई बजावून गेल्या होत्या. "निजलेल्या लेकराला कुणी उठिवतं व्हय? पोट भरलंय म्हणून तर गप हाय," असं म्हणून विहीणबाई डबा आणायला घरी गेल्या. लेक गुंगीत होती.

भर दुपार. लाइट गेली, पंखा थांबला आणि खोली अशी गप्प झाली की मला माझाच श्वास परका वाटायला लागला. मान वर केली, तर समोरच्या खाटेवर एक बाई बसलेली. कधी आली, कळलं नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे, इरकलीचा पदर ठिबकत होता. एवढ्या उन्हात ही भिजली कुठं?

"कूसिगं हसिवागेद," ती म्हणाली. माझं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी मला कळते. लेकरू भुकेलंय, म्हणत होती.

"न्हाय वो बाई, झोपलंय. किती गुटगुटीत हाय, बघितलं असतं तर कळलं असतं तुमाला."

ती हसली नाही, डोळेही हलले नाहीत. "झाकलंस कुणापासनं? उघड."

माझा हात आपोआप पुढं झाला. कापड काढलं, तर बाळ घामानं चिंब, ओठ राखेच्या रंगाचे, आणि हात थरथरत होते. रडायचंही त्राण नव्हतं. मी ओरडले. नर्सबाई धावत आल्या, टाचेतून रक्त काढलं. साखर पार तळाला गेली होती. बाळाला आत नेलं, सलाईन लावलं.

मग मी वळून पाहिलं. समोरच्या खाटेवर गादीच नव्हती, नुसत्या लोखंडी पट्ट्या. गादी सकाळीच गच्चीवर उन्हात टाकली होती म्हणे. फरशीवर मात्र ओली पावलं होती, खाटेपासून पाळण्यापर्यंत आलेली. परत गेलेलं एकही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. आईची जास्तीची साखर नाळेतून बाळाला जाते. ती पचवायला बाळाचं शरीर स्वतःच इन्सुलिन फार बनवतं, आणि त्यानंच ते असं फुगतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र लगेच थांबत नाही. आम्ही ज्याला भरलेलं म्हणत होतो, ते आतून रिकामं होत चाललं होतं. पोर वाचलं. विहीणबाईंनी तो लुगड्याचा तुकडा आपल्या हातानं घडी करून पिशवीत घातला.

ती कोण होती, मी शोधलं नाही. तळ्यावर गेले, पायरीवर बसले, आणि कितीतरी दिवसांनी रडले. आपल्याला वाटतं, झाकून ठेवलं म्हणजे राखलं. खरं तर उघडून त्या सिद्धेश्वरापुढं धरावं लागतं. लेकरू काय, दुःख काय.

आता या की लवकर आमच्याकडं. नातू दारातच भेटेल, हल्ली एका जागी ठरत नाही. उंबऱ्यापाशी पाय धुवायला पाणी ठेवलेलं असतं. ओल्या पायांनी आत आलात तरी चालेल. ती पावलं मी पुसत नाही.