गाण्याखालचं नाव

आमच्या त्रैमासिकाला कार्यालय असं कधीच नव्हतं. अंकावर पत्ता असायचा तो छापखान्याचा. बीडच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत, एका बाजूला रजईवाला आणि दुसऱ्या बाजूला पंक्चरचं दुकान, यांच्यामध्ये हा छापखाना आहे. वर्षभर तिथं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं छापली जातात, आणि दर तीन महिन्यांनी आमचा चाळीस पानांचा अंक. अंकात असतं ते नव्या गाण्यांबद्दल, ती करणाऱ्यांबद्दल, त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल. लग्नाच्या बँडमधल्या कीबोर्डवाल्याची मुलाखत आम्ही छापली होती. गॅरेजमध्ये काम करता करता दखनीत रॅप लिहिणाऱ्या मेकॅनिकवर आठ पानं दिली होती. मी शाळेत मराठी शिकवतो आणि हा अंक काढतो. का काढतो, असं कुणी विचारलं की मी एकच सांगायचो. मोठ्या शहरातल्या लोकांना आमच्याकडचं गाणं हवं असतं ते जुनं. ओव्या हव्या असतात, जात्यावरची गाणी हवी असतात. इथं आज, आत्ता काहीतरी नवीन रचलं जातंय, याची दखल घ्यायला कुणीतरी पाहिजे.

हे मी फार ठासून सांगायचो. म्हणूनच पुढं जे घडलं ते मला जास्त लागलं.

छापखान्याचे मालक साठीतले आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. त्यांचे वडील याच जागेत छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे. चाचांनी खिळे सोडून संगणक घेतला, पण प्रूफ वाचायची सवय वडिलांचीच ठेवली. ते ओठातल्या ओठात, पण आवाज काढून वाचतात. त्यामुळं त्यांना चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ तर सापडतंच, वाक्य कुठं धापा टाकतंय तेही कळतं. माझ्या संपादकीयांवर त्यांनी कितीदा तरी पेन्सिलीनं खूण करून म्हटलं होतं, “सर, इथं वाचणारा पडतो बघा.”

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या एका सहकाऱ्यानं मोबाईलवर एक आवाज पाठवला. एक बाई गात होती. मागं ट्रॅक्टरची घरघर होती, कुणीतरी खोकत होतं. ऊसतोडणीला गेलेल्या कुठल्यातरी टोळीतलं ते गाणं असणार, एवढं कळत होतं. किती मोबाईलांतून फिरून ते माझ्याकडं आलं होतं कुणास ठाऊक. मी ते वीसेक वेळा ऐकलं आणि उतरवून घेतलं.

ट्रॅक्टरच्या बॅटरीला फोन माझा टांगला,
लेकीचा गं आवाज एका काडीत अटकला.
उसाच्या फडामधी पाचट मी गं सारते,
अर्ध्या तुझ्या बोलावर सारा दिस काढते.

काडी म्हणजे मोबाईलवरची रेंजची काडी. मी हरखून गेलो. गाणं कुणाचं, हे सहकाऱ्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्यानं ज्याचं नाव सांगितलं त्याला फोन केला, त्यालाही माहीत नव्हतं. दोघांना विचारून मी थांबलो आणि लिहायला बसलो. ‘अटकला’ या एका शब्दावर मी अर्धं पान लिहिलं. अडकलेला आवाज, अडकलेलं आयुष्य, असं बरंच काही. गाण्याखाली लिहिलं, ‘पारंपरिक लोकगीत. कर्ता अज्ञात.’

प्रूफ वाचताना चाचा तिथं थांबले.

“सर, यात ट्रॅक्टरची बॅटरी हाय, मोबाईलची काडी हाय. आन् खाली तुमी लिवलंय पारंपरिक. ही कोणत्या परंपरेतली बॅटरी?”

लोकगीतात नवे शब्द शिरतच असतात, साचा जुना असतो, हे मी त्यांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमी शिकलेले,” ते म्हणाले. “छापतो.”

अंक निघाला. वाटून झाला. त्या लेखाचं कौतुकही झालं, हे सांगायला हवं.

महिन्याभरानं एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, चाचांचा फोन आला. “एक ताई आल्यात वडवणीकडून. सोबत लेक हाय. आपल्या अंकातलं गाणं त्यांचं हाय म्हणत्यात. तुमी या.”

मी गेलो तेव्हा ती छापखान्यातल्या बाकावर बसली होती. चाळिशीची असेल. हातावर उसाच्या पाचटानं कापलेल्या बारीक बारीक रेघा होत्या. टोळ्या गावी परतून आठ-दहा दिवसच झाले होते. शेजारी तिची मुलगी. ती अंबाजोगाईला वसतिगृहात राहून अकरावी करत होती. कॉलेजच्या वाचनालयात तिनं आमचा अंक चाळला आणि तिला आईचं गाणं दिसलं. ते गाणं आईनं तिलाच पाठवलेलं होतं, पत्रासारखं. तिनं ते एका मैत्रिणीला ऐकवलं, मैत्रिणीनं मागून घेतलं, आणि तिथून ते सुटलं होतं.

बाईनं अंक माझ्यापुढं धरला.

“सर, हे तुमी लिवलंय?”

“हो.”

“खाली काय लिवलंय ते वाचा की एकदा.”

मी वाचलं.

“अज्ञात म्हंजे?”

“म्हणजे कुणी केलं ते माहीत नाही.”

“कुणाला म्हाईत न्हाई?” तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. “मला म्हाईत हाय. माझ्या लेकीला म्हाईत हाय. टोळीतल्या समद्या बायांना म्हाईत हाय. मग न्हाई कुणाला?”

चूक पकडली गेली होती. आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. म्हणालो, “पण हे तुमचंच आहे हे कशावरून?”

मुलीनं मान खाली घातली. चाचा यंत्राकडं वळून काहीतरी पुसायला लागले. ते वाक्य तोंडातून गेल्या क्षणीच मला त्याची लाज वाटली होती. बाईनं मात्र फक्त पाणी मागितलं. प्याली. तांब्या खाली ठेवला आणि बसल्या जागी गाणं म्हटलं.

माझ्याकडं चार ओळी होत्या, तिनं चौदा म्हटल्या. मधल्या ओळींत मुलीचा वसतिगृहातला डबा होता, तिच्या गणिताच्या पेपरची काळजी होती, आणि बैलगाडीवरची टोळी ट्रॅक्टरवाल्या टोळीकडं बघून काय म्हणते हेही होतं. पंक्चरच्या दुकानातला माणूस हातातली ट्यूब तशीच धरून दारात येऊन उभा राहिला. मी वीसेक वेळा ऐकलेला तो आवाज चार हातांवर होता. ट्रॅक्टर मागं नव्हता, त्यामुळं मला शब्द पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आले.

“थांबा,” मी म्हणालो. “दुसऱ्या ओळीत ‘अटकला’ आहे ना?”

“पांगला,” ती म्हणाली. “एका काडीत पांगला. तुमी चुकीचं ऐकलंय.”

मी लेखातलं ते अर्धं पान तिला थोडक्यात सांगितलं. ती विचार करून म्हणाली, “अटकला असता तर लई बरं झालं असतं सर. धरून तरी ठिवता आला असता. एका काडीत आवाज राहतोय कुठं? निम्मा इकडं, निम्मा तिकडं. जेवली का इचारावं तर नुसतं ‘ले’ ऐकू येतं. म्हणून तर पुढं म्हटलंय की अर्ध्या बोलावर दिस काढते.”

माझ्या अर्ध्या पानात जे नव्हतं ते तिनं पाच-सहा वाक्यांत सांगितलं होतं. मी हात जोडून चूक कबूल केली. पुढच्या अंकात चौकट टाकून दुरुस्ती छापतो, म्हणालो.

“अन् हे जे गेलेत ते?” तिनं हातातला अंक हलवला. “ते ज्यांनी वाचलंय त्यांना कोण सांगणार?”

यावर चाचा पहिल्यांदा बोलले. “चिकटपट्टी छापू,” ते म्हणाले. “गाणं आन् ‘अटकला’वरचं ते अर्धं पान झाकंल एवढी. पुरं गाणं, नीट शब्द, खाली नाव. हितं पडलेल्या अंकांना आत्ता लावू. दुकानात गेलेल्यांना सर जाऊन लावतील.” मला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यांनी संगणक सुरू केला. मुलगी ओळी सांगत होती, चाचा टाइप करत होते, बाई मागं उभी राहून प्रत्येक ओळ परत म्हणायला लावत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण चाचांनी मोठ्यानं वाचलं की कुठं अक्षर कमी पडलं ते तिला लगेच कळायचं. चाचांना त्याचं फार अप्रूप वाटलं. “ताई, तुमचा कान प्रूफरीडरचा हाय,” ते म्हणाले. त्यांच्याकडून असं कौतुक मी कधी ऐकलेलं नव्हतं.

मग नाव आलं. मुलीनं विचारलं, “आई, मधी बाबांचं नाव टाकायचं का?”

“कावून? गाणं करताना ते चहा पीत बसल्ते.”

चाचा हसले, मग मीही. तिनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “सर, तुमचं नाव केवढ्या अक्षरात असतं?” चाचांनी दाखवलं. “मग माझं बी तेवढंच.”

इथं मी कुणाचंच नाव लिहीत नाहीये, तिचंही नाही. ते जिथं असायला हवं तिथं तिच्या म्हणण्याप्रमाणं छापलेलं आहे.

पुढचे तीन रविवार मी मोटारसायकलवर फिरलो. अंबाजोगाईच्या वाचनालयात गेलो, नारायणगडाच्या पायथ्याशी भजनाची पुस्तकं विकणाऱ्या दुकानदाराकडं गेलो, तो निव्वळ ओळखीखातर आमचे अंक ठेवतो. वडवणीच्या बाजाराच्या दिवशी ती स्वतः आली. स्टँडजवळच्या हॉटेलात आमचा एक अंक होता, चहाचे डाग पडलेला, पानं सुटलेला. तिनं तो टेबलावर ठेवून पदरानं पुसला आणि पट्टी लावली, कडा अंगठ्यानं दाबून दाबून. हॉटेलवाल्यानं पट्टी वाचली आणि म्हणाला, “हे तुमी केलंय? आमी तर जुनं समजल्तो.” तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पट्टीची राहिलेली कड दाबली. तिच्या जागी मी असतो तर हे जुनं कुणी ठरवलं ते सांगून टाकलं असतं.

त्यानंतरच्या अंकासाठी तिनं आपलं गाणं कसं तयार होतं ते सांगितलं आणि मी लिहून घेतलं. मोळी बांधताना तिला ओळ सुचते. ती तेव्हा म्हणत नाही, कुणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फडात जाताना ती ओळ आपोआप आठवली तर ठेवायची. “न्हाई आठवली तर सोडायची,” ती म्हणाली. “माझ्याच ध्यानात न्हाई राहिली तर लोकांच्या कशी राहील?” मी पंचवीस वर्षं मुलांना कविता शिकवतोय. कविता कुठली ठेवावी आणि कुठली टाकावी, हे इतक्या सरळ शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती मुलाखत छापून आली तेव्हा मी तिला आणखी एक विनंती केली. अंकात ज्या नव्या गाण्यांबद्दल आम्ही लिहितो ती मी तिला आधी पाठवणार, तिनं ऐकून काय वाटलं ते सांगायचं. मला वाटलं होतं ती संकोच करेल. “खरं सांगायचं का बरं वाटंल असं?” एवढंच तिनं विचारलं. खरं, मी म्हणालो.

तेव्हापासून शेवटून दुसरं पान तिचं आहे. हंगामात ती कारखान्याच्या भागातून आवाज पाठवते, मी उतरवतो, छापायच्या आधी फोनवर तिला वाचून दाखवतो. बहुतेक वेळा ती एखादा शब्द बदलायला लावते. एका लग्नाच्या गाण्याबद्दल ती म्हणाली, वाजतंय लई, सांगत काहीच न्हाई. कीबोर्डवाल्याचं एक नवं गाणं तिला इतकं आवडलं की टोळीतल्या बायांना तिनं ते पाठ करायला लावलं. आणि माझ्या एका संपादकीयाबद्दल विचारलं तर म्हणाली, सुरुवात चांगली हाय. मी शेवट काढून टाकला.

गेल्या अंकात गॅरेजवाल्या मेकॅनिकचं नवं रॅप होतं. पहिल्यापासून मला तो फार आवडतो, त्यामुळं मी आधीच भरभरून लिहून ठेवलं होतं. तिनं दोनदा ऐकलं आणि सांगितलं, “मानूस खरं बोलतोय, पण लई घाईत हाय. श्वास घ्यायला जागाच ठिवली न्हाई. ऐकणाऱ्यानं कधी समजून घ्यायचं?” मी ते तसंच छापलं.

मेकॅनिक रागावून छापखान्यात आला. चाचांनी त्याला बसवून चहा पाजला आणि तिचा नंबर दिला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी त्यानं ते गाणं परत रेकॉर्ड केलं. दुसऱ्या कडव्यानंतर तो एका ओळीएवढा गप्प बसतो, नुसता ताल चालू राहतो, आणि मग पुढचं असं येतं की अंगावर काटा येतो. नवं रेकॉर्डिंग त्यानं आधी तिला पाठवलं. माझ्याकडं ते दोन दिवसांनी आलं, तिच्याकडून.