अधोलीपुरतं काम

आमच्याकडं आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मजुरी पैशांत मिळत नसे, भातात मिळायची. गड्याला दिवसाची पायली, बाईला अधोली. अधोली म्हणजे पायलीच्या बरोबर निम्मी. त्यातही गड्याची पायली शिगेनं भरायची आणि बाईची अधोली वरून हात फिरवून सपाट करायची. हे कुणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी माणसं म्हणायची, "पयल्यापासून हाय." खरूजही काहींना पहिल्यापासून असते, म्हणून ती जपून ठेवायची असते का?

आमचं गाव घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण एसटी घोडेगावापर्यंतच, पुढं पायी. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. नवरा मुंबईला गोदीत हमालीला. त्याची मनीऑर्डर आली तर आली. घरी मी, सासू आणि दोन वर्षांची मुलगी. आमची स्वतःची जमीन म्हणजे उतारावरचे दोन तुकडे, नाचणी-वरईपुरते. बाकी सगळी भिस्त गावातल्या एका मालकाच्या भातखाचरांवर. आवणीच्या सुमाराला घरातलं धान्य संपलेलं असे. रोजच्या अधोलीत तिघींचा दिवस निघायचा, पण पोट भरायचं नाही. मुलगी झोपेत तोंड हलवायची. ते बघून माझं डोकं फिरायचं. मला शाबासकी नको होती, मान नको होता. मला पायली हवी होती.

एकदा मालकाला सरळ विचारलंच. आम्ही दिवसभर कमरेत वाकून रोपं लावतो, मग आमचं माप निम्मं का? मालक तसा शांत माणूस. लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, "गडी औत धरतो. बाई औत धरती का?"

बाईनं औताला हात लावू नये, पीक बुडतं, असं आमच्याकडं मानत. त्यामुळं या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि नाही हे मालकाला पक्कं माहीत होतं.

त्या साली ऐन आवणीत त्याच्या गड्याला हिवताप आला. घोंगडीखाली कुडकुडत पडला बिचारा. खाचरात चिखल अर्धाच झालेला, आणि रोपं तर आम्ही आदल्या दिवशीच उपटून मुठी बांधून ठेवलेल्या. दोन दिवसांत ती पिवळी पडली असती. मालकाला स्वतःला चिखलात उभं राहवत नव्हतं, कमरेचं दुखणं. गावातले तरणे गडी निम्मे मुंबईला आणि उरलेले आपापल्या खाचरांत. मी म्हणाले, "मी धरते औत."

माझ्या बापाला मुलगा नव्हता. लोकांची पाठ फिरली की तो माझ्या हातात नांगराचं रुमणं द्यायचा आणि कुणी आलं की काढून घ्यायचा. हे मी सासरी कधी बोलले नव्हते.

मालकानं आभाळाकडं बघितलं, रोपांच्या मुठींकडं बघितलं आणि मान हलवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरी कोण आणि गाढव कोण हे सांगायला नको. बांधावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हणाली, "बया, पीक बुडलं तर तुज्या नावानं बोंब व्हईल." मी लुगडं घट्ट खोचलं आणि बैल हाकले. पहिल्या तासाला नांगर वाकडा गेला, दोनदा तोंडावर आपटले, पण दुपारपर्यंत हात बसला. संध्याकाळपर्यंत एक अख्खं खाचर लोण्यासारखं झालं.

दिवस मावळताना मालकाच्या ओसरीवर मजुरी घ्यायला गेलो. माप घालायचं काम मालकिणीकडं. तिनं अधोली भरली, वरून हात फिरवला आणि माझ्या पदरात ओतली.

"मालक, मी औत धरलं," मी म्हणाले.

तो खांबाला टेकून सुपारी कातरत होता. "धरलंस की. पर माप मानसाला आसतं पोरी, कामाला न्हाई."

काल औताला होतं, आज माणसाला झालं. उद्या मला मिशी फुटली असती तर आणखी कशाला तरी लागलं असतं! मला संताप आला. पण अधोली मी घेतली. घरी मुलगी वाट बघत होती. सासूला सांगितलं तर ती जात्यावर बसता बसता म्हणाली, "दिल्यालं घ्यावं. मापाकडं बघणारी बाई नांदत न्हाई."

"आत्याबाई, मी नांदतीया. मापाकडंबी बघनार हाय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा औत धरलं. काल केल्याहून जास्त जोरानं. भाकरीची वेळ झाली, सूर्य डोक्यावर आला, तसं मी जू उतरवलं, बैल बांधावर चरायला सोडले आणि पाय धुऊन बसले.

मालक काठी टेकत आला. "आगं, औत का सोडलं?"

"अधोलीपुरतं काम झालं, मालक."

बाया लावता लावता थांबल्या. मी त्यांचं नुकसान केलं नव्हतं. सकाळी केलेला चिखल त्यांना सांजेपर्यंत पुरणार होता, एवढा हिशेब मी केला होता. पण उद्याचं काय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मालक लालबुंद झाला. "उद्यापासनं माज्या बांधाला पाय लावायचा न्हाई. न्हाई ह्या साली, न्हाई फुडल्या साली."

"बरं," मी म्हणाले. एवढंच. त्याच्या बांधाशिवाय आम्ही तिघींनी खायचं काय, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तरी उठले नाही.

तो गडी शोधायला गेला. आमची वाडी, पलीकडची वाडी, सगळीकडं फिरला. दिवस कलायच्या आत परत आला तो एकटाच, पोटरीपर्यंत चिखलानं भरलेला. माझ्याकडं न बघता बैलांकडं बघून म्हणाला, "जुंप."

"पायली?"

"पायली. जुंप म्हनतो ना!"

मी जुंपलं. अंधारून येईपर्यंत सोडलं नाही. पीक काही बुडलं नाही. त्या साली बरं भात झालं, आणि मालकानं ते स्वतःच्या नशिबाच्या खात्यावर टाकलं.

पुढच्या आवणीला आम्ही लावणीवाल्या सगळ्याच बायांनी पायली मागितली. त्यानं हसण्यावारी नेलं. त्याच्या पुढच्या साली आम्ही मुठी हातात घेऊन बांधावर उभ्या राहिलो, तेव्हा अधोलीला शीग आली. लावणीवाल्या बाईला पायली मात्र मी ते गाव सोडेपर्यंत कधी मिळाली नाही. मागायचं आम्ही थांबवलं नाही, हेही तितकंच खरं.

पण पहिली पायली मिळाली त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मालक "घाल हिला पायली" म्हणून तरातरा आत गेला. मालकिणीनं पायली भरली आणि वर एवढी शीग चढवली की दाणे ओसरीवर सांडले. मला वाटलं, चुकून झालं. मी सांडलेलं वेचायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आवंदा ह्या घरात मला चोवीस वर्सं झाली. गड्यांच्या भाकरी, बैलांचं शेणघाण, रोपं उपटनं, सगळं केलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला दिसाचं किती पडतं गं? अधोली तरी?"

मी चपापले. दोन दिवस मी तिच्या हाताचा राग राग केला होता. ती काय खाते, तिला काय मिळतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मागा की, काकी," मी म्हणाले.

"कुनाकडं? माप तर माज्याच हातात हाय."