रायपूरला सांगितलेली तारीख

गोंदियाहून रायपूरला जाणारी सकाळची गाडी मी आता डोळे मिटून पकडू शकते. दर तीन महिन्यांनी एक फेरी, आणि ही पाचवी. पहिल्या चारही वेळा शेजारी आमचे हे होते, पिशवी सांभाळत आणि दर स्टेशनावर ‘चहा घेतेस का’ विचारत. या वेळी यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मी एकटीच निघाले. लोक रायपूरला लग्नाला जातात, कामाला जातात. मी जाते ती एवढंच विचारायला, की गर्भाशयाबरोबर काढून टाकलेला कॅन्सर परत तर आला नाही ना.

पिशवीत फाइल होती. ऑपरेशन, मग पंचवीस दिवसांचं रेडिएशन, सगळं तारखेवार लावलेलं. फक्त एक गोष्ट त्या फाइलमध्ये नव्हती. दीड महिन्यापासून मला अधूनमधून रक्ताचे डाग दिसत होते आणि हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नाही.

दरेकसाचं जंगल आलं, बोगदा आला, डब्यातल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे आरडाओरडा केला. बोगद्यापलीकडे छत्तीसगड लागतं आणि धानाची शेतं सुरू होतात. दसरा होऊन गेला होता, लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. डोंगरगडला टेकडीवरच्या देवीला मी खिडकीतूनच हात जोडले, पण मान वर करून बघायचं धैर्य झालं नाही.

तिथे एक बाई शिंगाड्यांची टोपली घेऊन चढली. समोर बसली आणि थेट माझ्या डाव्या पायाकडे बघायला लागली. ऑपरेशनमध्ये गाठी काढल्यापासून तो पाय सुजतो, म्हणून त्यात मांडीपर्यंत घट्ट मोजा घालावा लागतो.

“एके ठन गोड़ म मोजा काबर पहिने हस दीदी?” (एकाच पायात मोजा का घातलास ताई?)

“ऑपरेशन हुआ है।”

“काखर?” (कशाचं?)

“पेट का,” मी म्हटलं. खोटं नाही, पण खरंही नाही. तिने “हव” म्हणून मान हलवली आणि मूठभर शिंगाडे माझ्या ओच्यात टाकले. पैसे देऊ केले तर घेईना. दुर्ग गेलं, भिलाईची धुराडी मागे पडली, तरी मी शिंगाडे सोलतच होते.

रायपूर स्टेशनवर शकूताई उभ्या होत्या. शकूताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. लग्न होऊन रेल्वेवाल्यांच्या घरी इथे आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, पण बोली अजून आमच्याच बाजूची. “किती वाळली वं कुंदा! भाऊ जेवू घालून नाही राहिला का तुले?” असं म्हणत त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि ई-रिक्षात बसवलं.

आता खरी अडचण सांगते. भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस ताई रायपूरहून येतात आणि घराचा ताबा घेतात. सोळा भाज्या, पुरण, वड्या, सगळं सोवळ्यात. ज्या बाईला पाळी आली असेल ती बाजूला, तिच्या सावलीचीही पंचाईत. यंदा जेवणाच्या दिवशी पहाटे पुरणाची डाळ चढवली, न्हाणीघरात गेले आणि पहिला डाग दिसला. अव माय! बाहेर ताईंचा आवाज, “कुंदा, डाळ उतू चालली!” बाजूला बसायचं तर कारण सांगावं लागणार. गर्भाशयच नाही तिला पाळी कुठली? मग काय आहे, हा प्रश्न येणार, आणि भरल्या घरात तो मला नको होता. मी अंग धुतलं, पातळ बदललं आणि येऊन पुरण हालवायला लागले.

सण झाला. मग सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, एक थेंब दिसला तरी तारखेची वाट बघायची नाही, लगेच यायचं. पण सांगितलं की पहिला प्रश्न ‘कधीपासून?’ आणि उत्तर एकच, महालक्ष्मीच्या जेवणापासून. त्या नैवेद्याला माझे हात लागले होते. मरणाची भीती होतीच, पण खरं सांगते, ताईंची त्याहून जास्त होती.

समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरी संध्याकाळी आंबट घालून केलेला जिमीकांदा (सुरण) होता. इकडे दिवाळीच्या सुमाराला घरोघरी करतात. ताईंची सून मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. “मामीजी, और लीजिए ना।” घशाला खाज सुटेल म्हणून मी भीत भीत घास घेतला, पण चिंचेने सुरण अगदी मऊसूत झालं होतं. दोनदा मागून घेतलं. चिंता कितीही असली तरी जिभेला तिचं काही पडलेलं नसतं!

दुसऱ्या दिवशी दवाखाना. बाकावर बायकाच बायका, प्रत्येकीच्या मांडीवर फाइल. इथे रेडिएशनला सिकाई म्हणतात, म्हणजे शेक. ‘तुम्हारी कितनी सिकाई हुई?’ अशी ओळख होते. डॉक्टरबाई तरुण, माझ्या मुलीच्या वयाच्या. ताई माझ्या शेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या.

“आंटी जी, भूक? नींद? पैर की सूजन?”

सगळ्याला मी नीट उत्तरं दिली.

“ब्लीडिंग? एकाध दाग भी?”

“नहीं,” मी म्हटलं. इतक्या सफाईने, की माझं मलाच नवल वाटलं.

तपासणीचं टेबल पडद्यामागे होतं. आडवी झाले. वर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं वाकडं होतं. मनात आलं, चार वेळा या टेबलावरून ‘सब ठीक है’ ऐकून उठले, ते खरं होतं म्हणून घरी जाऊन झोप लागली. आज खोट्यावर ‘सब ठीक है’ ऐकलं तर ते घेऊन मी करणार काय? पडद्यापलीकडे ताईंच्या बांगड्या वाजत होत्या. ऐकू गेलं तर जाऊ दे.

“डॉक्टर, झूठ बोली मैं। खून आता है।”

“कब से?”

“महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवसापासून,” माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत सांगितलं, “डेढ़ महीने से।”

बांगड्यांचा आवाज थांबला.

डॉक्टरबाई रागावल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. “लिखकर दिया था ना आंटी! सौ में से कितनी बार कुछ नहीं निकलता, पर देखना तो हमें है।” तपासताना एक ठिकाण नाजूक दिसलं म्हणाल्या, तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला पाच-सहा दिवस. सिकाईनंतर आतला मार्ग आखडू नये म्हणून एक नळी दिली होती, ती वापरता का, असंही विचारलं. ती नळी गोंदियाला कपाटात पातळांखाली लाजून बसली होती. तेही सांगून टाकलं. एकदा तोंड उघडलं की मग काय!

पुढचे चार दिवस ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे ‘जेव’, ‘झोप’, ‘पाय उशीवर ठेव’ एवढंच. मी त्यांच्या देव्हाऱ्याकडे फिरकले नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबत होते. सकाळी कॉलोनीत फेऱ्या मारायच्या, कारण चालणं सांगितलेलं, आणि येताना कोपऱ्यावर तांदळाचा चीला (धिरडं) टमाट्याच्या चटणीशी उभ्याउभ्या खायचा. चीला कुरकुरीत असायचा. बाकी दिवस मात्र सरता सरायचा नाही.

पाचव्या दिवशी ताई म्हणाल्या, “चाल, गोल बाजारात जायचं आहे.” गोल बाजारात कापड, भांडी, पूजेचं सामान, सगळं एकमेकांच्या अंगावर आलेलं. वाट काढताना मी एका पितळी घागरींच्या उतरंडीला धक्का दिला आणि तीन घागरी घरंगळत रस्त्यावर गेल्या. दुकानदार “कोई बात नहीं दीदी” म्हणत त्यांच्या मागे पळाला. ताईंनी मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. पूजेच्या दुकानात त्यांनी महालक्ष्मीच्या शेल्याला लावायची जरीची किनार निवडायला घेतली. मला वाटलं, झालं! माझ्यामुळे विटाळलेलं वस्त्र बदलणार असतील.

“ताई,” मी धीर केला, “देवी शांत व्हावी म्हणून मी काय करू?”

त्यांनी किनार खाली ठेवली. “देवीले काय झालं? देवी शांतच आहे. तापली मी आहे.”

“माझं चुकलं. सोवळं—”

“सोवळं गेलं खड्ड्यात!” दुकानदार दचकला. ताईंनी आवाज खाली घेतला. “तुले काय वाटते, मी काय केलं असंल माझ्या वेळी? पहाटे उठावं तं पाळी आलेली. घरी आई एकटी, सोळा भाज्या, पन्नास पान जेवाले. तीनदा झालं असं. तिन्ही वेळा गप बसली अन् पुरण वाटलं.”

मी बघतच राहिले. “मग देवीने काय केलं?”

“दोन पोट्टे देल्ले. अजून काय करणार?”

मला हसू फुटलं. त्याही हसल्या, पण लगेच त्यांचे डोळे भरून आले. माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, “मी लपवलं ते महिन्याचं होतं वं कुंदा. तू काय लपवून राहिली होती, हे तुलेबी माहीत नव्हतं. काहून नाही सांगितलं मले? मी का देवीपेक्षा मोठी झाली का?”

मी भर बाजारात रडले. ताईंनी किनार बांधून घेतली आणि माझ्या पिशवीत टाकली.

रिपोर्ट सहाव्या दिवशी आला. कागद डॉक्टरबाईंच्या हातात असेपर्यंत मी ताईंचा पदर धरून बसले होते, लहान पोरीसारखी. “कैंसर नहीं है।” सिकाईमुळे तिथली त्वचा पातळ झाली होती, बारीक नसा फुटत होत्या. लावायला मलम, नळीचं रीतसर वेळापत्रक, मोजा रोज, चालणं रोज. पुढची फेरी तीन महिन्यांनी. “और दाग दिखे तो?” त्यांनी मलाच विचारलं. “उसी दिन फ़ोन,” मी म्हटलं. ताई शेजारून “हव” म्हणाल्या.

परतीच्या गाडीत डोंगरगडला मी मान वर करून टेकडी नीट पाहिली. आजार बरा होतो म्हणजे काय, याचा विचार करत होते. बाईच्या शरीरातून गर्भाशय काढता येतं, पण चाळीस वर्षांची लपवायची सवय काही ऑपरेशनने निघत नाही. ती आपली आपल्यालाच काढावी लागते, आणि दर वेळी थोडी थोडी. घरी पोचल्यावर यांना सगळं सांगितलं, नैवेद्यासकट. ते डोळ्यावरचा काळा चष्मा सावरत म्हणाले, “पुरण मात्र यंदा फार चांगलं झालं होतं.”

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी घरी पुरणाचा स्वयंपाक होता. सकाळी पुन्हा एक डाग दिसला, नखाएवढा. मी न्हाणीघरातून बाहेर आले, हात पुसले आणि स्वयंपाकघरात उभी राहून, यांच्यासमोर, फोन लावला.

“ताई, आज एक डाग दिसला.”

“कधी?”

“आत्ता.”

“पहिले डॉक्टरले फोन कर, मग मले.”

“डॉक्टरांना केला. उद्या या म्हणाल्या. मग तुम्हाला केला.”



“मी स्टेशनावर येतो,” ताई म्हणाल्या. “अन् आता काय करून राहिली?”

“पुरण शिजतंय.”

“मग हालव नं ते. खाली लागंल.”