शांततेत आलेलं हसू

वर्षभरात गेलेल्या नामवंतांसाठी आमच्या सोसायटीत डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळे दोन मिनिटं शांत उभे राहतात. यंदा सेक्रेटरींनी शेवटचं नाव एका विनोदी नटाचं वाचलं. माना खाली गेल्या आणि शेजारच्या नलूताई फिस्सकन हसल्या. धोतर सावरत पळणारा तो त्यांना आठवला असणार, कारण मलाही तोच आठवला होता.

"अहो, जरा भान ठेवा," सेक्रेटरी पुटपुटले.

"जन्मभर हसवलं त्यानं. त्याच्यासाठी तोंड पाडून मी नाही उभी राहणार."

खरंच आहे. मरणानं माणूस नेला, तो नेलाच. त्याच्यामागोमाग त्यानं दिलेलं हसूही आपणच का नेऊन द्यायचं?

सेक्रेटरींनी घड्याळ बघत शांतता पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या खेपेला आधी मी हसलो.