नऊ वर्षांचा लॉरी ड्रायव्हर

लिंग स्यूयोकने एकतिसाव्या वर्षी शाळेची व्हॅन चालवायला घेतली, तेव्हा मलेशियातल्या सितियावान गावात सगळ्यांत जास्त तोंड सोडलं ते तिच्या बापाने.

"आपल्या घरात एक ड्रायव्हर झाला तेवढा पुरे! दुसरा नको," तिओंग सेंग जेवता जेवता ताडकन उठून म्हणाला होता.

स्यूयोकने ऐकलं नाही. बाप आठ दिवस बोलला नाही, नवव्या दिवशी व्हॅनच्या चारी चाकांची हवा तपासून गेला. त्या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली होती. तिच्या व्हॅनमधून शाळेत गेलेली पोरं आपापल्या पोरांना तिच्याच व्हॅनमध्ये बसवत होती. नवरा गेल्यावर ती माहेरी राहायला आली. बापलेक दिवसभर एकमेकांशी भांडत आणि एकमेकांवाचून त्यांचं पानही हलत नसे.

घरातला तो पहिला ड्रायव्हर म्हणजे सेंगचा थोरला भाऊ, हुआत. तो गेला तेव्हा सेंग नऊ वर्षांचा होता. हुआत एकवीसचा, रबराची लॉरी चालवायचा. एकोणीसशे एकोणचाळीस साल. तिकडे चीनमध्ये जपानशी लढाई पेटलेली, बंदरं सगळी बंद. सैन्याला दारूगोळा पोचवायला ब्रह्मदेशातून डोंगर चढून जाणारी एकच वाट उरली होती आणि त्या वाटेवर ट्रक हाकायला माणसं नव्हती. मलायातल्या, म्हणजे आताच्या मलेशियातल्या, चिनी ड्रायव्हरांना हाक आली. तीन हजारांवर पोरं उठून गेली. हुआत एका सकाळी म्हणाला, "पिनांगला जाऊन टायर घेऊन येतो." तो गेला तो गेलाच. चीनमधल्या कुनमिंगहून एक पत्र आलं. पुढे जपानी मलायातच उतरले. ज्यांच्या घरचं कुणी तिकडे लढायला गेलंय अशांना ते हुडकून काढत होते. तेव्हा आईने ते पत्र आणि हुआतचे दोन्ही फोटो चुलीत घातले, आणि घरदार सोडून पोराला घेऊन ती जंगलाच्या कडेला मळ्यावर राहायला गेली.

सेंगच्या मनात त्या टायरची अढी बसली ती कायमची. "मला सांगून गेला असता तर मी काय आईला सांगणार होतो?" एवढंच तो म्हणायचा, तेही वर्षातून एखाद्या वेळी. भावाचं नाव मात्र त्याने कधी तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "टाकून गेला."

सत्त्याऐंशीव्या वर्षी सेंग न्हाणीघरात पडला. तीन आठवडे दवाखान्यात काढले. तापात त्याने दोनदा "भाऊ" म्हणून हाक मारली. स्यूयोक उशाशी होती. घरी आल्यावर तिने त्याला काही विचारलं नाही, पण शनिवारी व्हॅन काढून ती ख्वेक सरांकडे गेली.

ख्वेक सर चिनी शाळेतले निवृत्त मास्तर. गेल्या वीस वर्षांत त्यांनी त्या ड्रायव्हरांच्या नावनोंदणीच्या याद्या, पत्रं, फोटो अशा सगळ्याच्या प्रती जमवून घरात पाय ठेवायला जागा उरू दिली नव्हती.

"नाव?" सरांनी चष्मा वर केला.

"लिंग तिओंग हुआत. वय एकवीस. सितियावान."

सरांनी चार याद्या पाहिल्या. त्या आडनावाचे तीन हुआत निघाले. एक सिंगापूरचा, एक चाळीस वर्षांचा, तिसरा मेकॅनिक आणि त्याचं गावच वेगळं. आपला कुठे नाहीच.

"असं होतं," सर म्हणाले. "कुणी घरच्यांच्या भीतीने नाव बदलून जायचं. तुझ्या आजीचा विरोध होता का?"

"गावात नावं लिहून घेणाऱ्या पाद्रीबाबांकडे जाऊन आजीने सांगितलं होतं म्हणे, की माझ्या थोरल्याने नाव दिलं तर खोडून टाका."

"मग झालं! तो खरं नाव कशाला देतोय?"

पण मग कोणतं नाव दिलं असेल? स्यूयोक दर शनिवारी जाऊ लागली. सरांची बायको तिच्यापुढे तांदळाच्या लाल दारूच्या रश्शातल्या शेवया ठेवायची, आणि ती एक हात वाटीत आणि एक बोट यादीवर ठेवून नावं वाचत बसायची. पाचव्या शनिवारी तिचं बोट थांबलं. तिला आधी हसूच फुटलं.

"सर, हे बघा. लिंग तिओंग सेंग. सितियावान. रबराच्या लॉरीवरचा ड्रायव्हर. वय एकवीस. चिनी अक्षरंही तीच! अहो, हे माझ्या बापाचं नाव आहे!"

सर हसले नाहीत. त्यांनी यादी आपल्याकडे ओढली. "तुझा बाप तेव्हा केवढा होता?"

"नऊ वर्षांचा," म्हणता म्हणता स्यूयोकच्या लक्षात आलं.

त्या दिवशी घरी येऊन तिने बापाला सांगितलं, "पा, तुम्ही नऊ वर्षांचे असताना लढाईवर गेला होता."

"डोकं फिरलंय का तुझं?"

तिने प्रत पुढे ठेवली. सेंगने ती भिंगातून वाचली. मग भिंग पुसलं आणि परत वाचली. "चोर लेकाचा," तो म्हणाला. "माझं नाव घेऊन गेला." पण कागद त्याने परत दिला नाही, उशाखाली ठेवला.

नाव सापडल्यावर पुढचा माग भराभर लागला. लिंग तिओंग सेंग तीन वर्षं त्या डोंगरवाटेवर ट्रक हाकत होता. दोनदा हिवतापाने आडवा झाला. बेचाळीस साली वाट तुटली आणि शेकडो ड्रायव्हर तिकडेच अडकले. लढाई संपल्यावर त्यांना मलायात परत आणायचं ठरलं, पण माणूस मूळचा मलायातलाच, याचा पुरावा हवा होता. ख्वेक सरांना सेहेचाळीस सालचा एक कागद मिळाला. अर्ज नामंजूर. खाली एक ओळ होती: चौकशी केली, या नावाचा इसम गावीच राहतो व शाळेत शिकतो.

स्यूयोकला तो कागद बापाला दाखवावासा वाटेना. दोन दिवस तो व्हॅनच्या कप्प्यात पडून राहिला. मग वाटलं, या घरात एकदा गोष्ट लपवली त्याचं काय झालं ते बघतोच आहोत. तिने वाचून दाखवला.

सेंगने कागद ओढून घेतला आणि ती खालची ओळ भिंगातून स्वतः वाचली.

"एक माणूस आला होता," तो म्हणाला. "कचेरीतला. गावात विचारत विचारत मळ्यावर आला. मी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होतो. त्याने विचारलं, लिंग तिओंग सेंग इथेच राहतो का? आई घाबरली. जपान्यांच्या वेळी नाव विचारत आलेली माणसं तिने पाहिली होती. तिने मला पुढे ओढलं, म्हणाली, हा काय, हाच तिओंग सेंग, पोर आहे अजून, शाळेत जातो. आणि मीही म्हणालो..." त्याने कागदाची घडी घातली. "मी म्हणालो, हो, मीच तो."

"पा, तुम्हाला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं. म्हणून काय झालं?"

तो दोन दिवस नीट जेवला नाही. मग तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "त्या मास्तराला म्हणावं, पुढचं शोध. मेला असेल तर कुठे मेला ते तरी कळू दे."

ख्वेक सरांनी कुनमिंगला पत्र धाडलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, सोबत फोटो. बोडक्या टेकडीखाली एक वाळकुडा माणूस उभा, आणि त्याचे कान थेट सेंगचे. परत यायची वाट बंद झाल्यावर तो लुंगलिंग नावाच्या डोंगरी गावात राहिला, लग्न केलं, गावचे पंप आणि गिरण्या दुरुस्त करत म्हातारा झाला, एकोणीसशे शहाण्णवमध्ये वारला. घरी पत्रं लिहिली होती, पण ती जुन्या पत्त्यावर. ते घर कधीच उठलं होतं. एकच मुलगी, सूचिन. तिचं भाताच्या शेवयांचं दुकान होतं.

पहिल्यांदा फोनवर चेहरे दिसले तेव्हा स्यूयोक आणि सूचिन एकमेकींकडे बघतच राहिल्या. दोघीही तिओंग सेंगच्या लेकी. सूचिनला फूचौ ही बापाची घरची बोली येत नव्हती, म्हणून स्यूयोक मधे बसून बापाला समजावत होती.

"घरच्यांबद्दल काय म्हणायचा तो?" सेंगने विचारलं.

सूचिन जरा घुटमळली. "म्हणायचे, आई रागावलीय, म्हणून तिने मला ओळख दिली नाही. बरोबरच आहे म्हणायचे, मी खोटं बोलून आलो होतो."

सेंगने मान खाली घातली.

"पण काका, एक सांगू? त्यांच्या बोलीतलं एक वाक्य मला पाठ आहे. इंजिन सुरू झालं नाही, हातातून पाना पडला, की ते स्वतःवरच ओरडायचे. आम्हाला वाटायचं शिवी असेल." आणि तिने ते वाक्य म्हटलं, अगदी फूचौ हेल काढून.

वाक्य असं होतं: "सेंग, गाढवा, अभ्यासाला बस!"

सेंग आधी हसला. हसता हसता त्याला उमाळा आला, आणि त्याने फोन लेकीच्या हातात कोंबला. "हे मला म्हणायचा तो. रोज संध्याकाळी. लॉरी लावून आला की."

पुढच्या हिवाळ्यात, डॉक्टर नको नको म्हणत असताना, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा सेंग काठी घेऊन विमानात चढला. कुनमिंगहून गाडीने डोंगर चढताना तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि प्रत्येक वळणाला त्याने खाली दरीत पाहिलं. "लिंबूटिंबू नव्हता तो," एका जागी तो स्यूयोकला म्हणाला. बास, एवढंच.

थडग्यावर लिंग तिओंग सेंग हेच नाव कोरलेलं होतं. सूचिनने विचारलं, "काका, बदलून घेऊ का? आता खरं नाव कळलंय."

सेंगने दगडावरून हात फिरवला. "राहू दे. सत्तावन्न वर्षं वापरलंय त्याने, झिजवून झिजवून आपलंसं केलंय. खाली त्याचं हुआत हे नाव घाल, बारीक अक्षरात. आणि तारखा नीट घाल हं, नाहीतर लोकांना वाटेल मलाच पुरलंय."

नऊ दिवस ते लुंगलिंगला राहिले. सेंग रोज सकाळी सूचिनच्या दुकानात बसायचा आणि रस्सा तिखट झालाय म्हणून तिच्याशी भांडायचा. भाषा कळत नसताना दोघांचं भांडण इतकं रंगायचं की गिऱ्हाइकं थांबून ऐकायची. निघताना त्याने तिला बजावलं, पुढच्या वेळी तू यायचं, आमच्याकडे रस्सा कसा असतो ते बघायला.

ती मार्चमध्ये आली, दोन्ही मुलांना घेऊन. इपोहच्या विमानतळावर त्यांना आणायला स्यूयोक व्हॅन घेऊन गेली, आणि म्हातारा तिच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून पहाटेपासून तयार होऊन बसला होता.